‘बहादूर’ची जात कोणती?

मुंबईत ‘गुरखा’ ही जात नव्हे, जमात नव्हे आणि काटेकोरपणे पाहिले तर राष्ट्रीयत्वही नव्हे. मुंबईत गुरखा हा एक हुद्दा आहे. हातात दांडा आणि तोंडात शिट्टी घेऊन रात्रभर गल्लीत फेऱ्या मारणारा, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दारोदार जाऊन ठरलेले पैसे गोळा करणारा, जिन्याखालच्या कोनाड्यात अंथरूण टाकणारा माणूस म्हणजे गुरखा. त्याचे नाव विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. ‘बहादूर’ अशी हाक मारली की काम भागते. डिलाईल रोड, करी रोड, लोअर परळ या पट्ट्यात गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले, तशी त्याची शिट्टी कमी झाली आणि अंगावर सुरक्षा एजन्सीचा गणवेश आला. हाक मात्र तीच राहिली.

ज्या माणसाला आपण गुरखा म्हणतो, तो बहुतेक वेळा ‘गुरखा’ नसतोच. ब्रिटिशांनी ज्यांना लढाऊ जमाती ठरवून पलटणींत भरती केले ते प्रामुख्याने मगर आणि गुरुंग, आणि पूर्वेकडचे राई व लिंबू. (मगर हे आडनाव आपल्याकडेही आहे, त्याचा या मगरांशी काही संबंध नाही.) मुंबईतील नेपाळी पहारेकऱ्यांचा मोठा हिस्सा मात्र नेपाळच्या पार दुसऱ्या टोकाहून, सुदूर पश्चिमेच्या डोंगराळ जिल्ह्यांतून येतो. अछाम, डोटी, बझांग, बाजुरा ही त्या जिल्ह्यांची नावे. तेथे मगर-गुरुंगांची वस्ती विरळ. तेथे राहतात ते छेत्री, ठकुरी, बाहुन, आणि त्यांच्या शेतावर पिढ्यान् पिढ्या राबलेले कामी, दमाई, सार्की हे दलित. म्हणजे डिलाईल रोडवरच्या एखाद्या इमारतीच्या फाटकावर बसलेला ‘बहादूर’ आपल्या गावी जानवे घालणारा क्षत्रिय असू शकतो, किंवा ज्याच्या हातचे पाणी त्या क्षत्रियाला चालत नाही असा लोहारही असू शकतो. मुंबईच्या लेखी दोघेही एकच. ही मुंबईची उदारता की बेफिकिरी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

नेपाळच्या २०२१ च्या जनगणनेत १४२ जाती-जमातींची नोंद झाली. २०११ मध्ये हा आकडा १२५ होता. दहा वर्षांत सतरा नव्या जाती जन्माला आल्या असा याचा अर्थ नव्हे. आजवर दुसऱ्याच्या नावाखाली मोजले गेलेले समूह स्वतःच्या नावाने मोजले जाण्याचा आग्रह धरू लागले, असा तो अर्थ आहे. सुमारे २ कोटी ९२ लाखांच्या या देशात कोणत्याही एका जातीचे बहुमत नाही. सर्वांत मोठा समूह छेत्रींचा, तोही साडेसोळा टक्क्यांच्या आत. त्याखालोखाल डोंगरी बाहुन, म्हणजे ब्राह्मण, सव्वाअकरा टक्के. मग मगर, थारू, तामांग हे प्रत्येकी पाच ते सात टक्के. कामी पाच टक्के. मुसलमान, नेवार, यादव हे प्रत्येकी चार ते पाच टक्के. मातृभाषा १२४. ‘नेपाळी’ या एका शब्दात आपण एवढे सगळे कोंबतो.

त्यातही गंमत अशी की मुंबईकराची ‘नेपाळी’ ओळखण्याची कसोटी चेहऱ्याची आहे. त्यामुळे तराईतील यादव, झा किंवा साह या आडनावाचा मधेशी माणूस नेपाळचा नागरिक असूनही मुंबईत ‘बिहारी’ ठरतो, आणि एखाद्या उपाहारगृहात काम करणारी मणिपूर किंवा मिझोरमची भारतीय मुलगी ‘नेपाळी’ ठरते. दार्जिलिंगच्या तरुणाची अवस्था तर याहून चमत्कारिक. त्याची भाषा नेपाळी, पण देश भारत. त्याची भाषा १९९२ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत समाविष्ट झाली, तीही आपल्या कोकणीच्या जोडीने, ७१ व्या घटनादुरुस्तीने. तरीही त्याला ‘तुमच्या देशात’ असा प्रश्न विचारला जातोच.

जंगबहादूरचा कायदा

नेपाळमधील जातिव्यवस्था आणि भारतातील जातिव्यवस्था यांत एक मूलभूत फरक आहे. आपल्याकडे जात धर्मशास्त्रात, रूढीत आणि गावगाड्यात होती. नेपाळात ती सरकारी कायद्यात लिहिलेली होती. राणा घराण्याचा संस्थापक जंगबहादूर याने १८५४ मध्ये ‘मुलुकी ऐन’ हा देशाचा कायदा लागू केला. त्याच्या तीन-चार वर्षे आधी हा गृहस्थ इंग्लंड-फ्रान्सला जाऊन आला होता आणि परतताना मुंबई बंदरात उतरला होता. युरोप पाहून आल्यावर त्याने देशाला लिखित कायदा दिला खरा, पण त्या कायद्याचा कणा जात हा होता. पुढे १८५७ च्या उठावानंतर नानासाहेब पेशव्यांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी आश्रयासाठी धाव घेतली, तीही याच जंगबहादूरच्या नेपाळकडे.

या कायद्याने देशातील सर्व समूहांची पाच थरांत विभागणी केली. सर्वांत वर ‘तागाधारी’, म्हणजे जानवे घालणारे. त्यात बाहुन, ठकुरी, छेत्री आणि नेवारांतील वरच्या जाती. दुसऱ्या व तिसऱ्या थरात ‘मतवाली’, म्हणजे मद्य पिणारे. या मद्य पिणाऱ्यांतही दोन प्रती होत्या. ज्यांना गुलाम करता येत नाही ते मगर, गुरुंग वगैरे वरचे. आणि ज्यांना शिक्षा म्हणून गुलाम करता येते ते भोटे, चेपांग, कुमाल, थारू इत्यादी खालचे. चौथा थर ज्यांच्या हातचे पाणी चालत नाही पण स्पर्शाने विटाळ होत नाही अशांचा. पाचवा, ज्यांचे पाणी चालत नाही आणि स्पर्श झाल्यास अंगावर पाणी शिंपडून शुद्ध व्हावे लागते अशांचा. कामी, सार्की, दमाई, गाइने, बादी, पोडे, च्यामे हे सारे या तळाच्या थरातले.

चौथ्या थरात मुसलमानांबरोबर ‘म्लेच्छ’, म्हणजे युरोपीय लोकही होते. ज्या इंग्रजांच्या मदतीसाठी जंगबहादूर स्वतः फौज घेऊन लखनौवर चालून गेला, त्यांच्या हातचे पाणी त्याच्याच कायद्याने त्याला वर्ज्य होते. पहिल्या महायुद्धात समुद्र ओलांडून लढायला गेलेल्या गुरखा सैनिकांना घरी परतल्यावर ‘पानी पतिया’ नावाचा शुद्धीचा विधी करून घ्यावा लागला, तोही याच विचारसरणीतून.

या कायद्यात एकाच गुन्ह्याला जातीनुसार वेगवेगळी शिक्षा होती. ज्या अपराधाला इतरांना देहदंड, त्याच अपराधाला ब्राह्मणाचे डोके भादरून त्याला जातीबाहेर काढले की न्याय झाला. आंद्रास होफर या अभ्यासकाने १९७९ मध्ये या कायद्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. या कायद्याने केलेली सर्वांत दूरगामी गोष्ट अशी की, ज्यांचा हिंदू वर्णव्यवस्थेशी फारसा संबंध नव्हता अशा बौद्ध, निसर्गपूजक आणि स्वतःच्या भाषा असणाऱ्या जमातींनाही तिने एका शिडीवर बसवले. तामांग हे काठमांडूच्या भोवतालच्या डोंगरांत राहणारे, तिबेटी वळणाची भाषा बोलणारे बौद्ध. राणांच्या काळात त्यांच्या वाट्याला सक्तीचे ओझे वाहणे आले. पुढे नुवाकोट, सिंधुपालचोक या तामांगबहुल जिल्ह्यांतून मुली मुंबईच्या कामाठीपुऱ्यापर्यंत आणल्या गेल्या. फेब्रुवारी १९९६ मधील मोठ्या छाप्यांत शेकडो मुली सोडवल्या गेल्या आणि त्यांत नेपाळी मुलींचा भरणा मोठा होता. त्यांना परत घेण्यास नेपाळ सरकारने टाळाटाळ केली आणि अखेर तेथील स्वयंसेवी संस्था पुढे आल्या. कामाठीपुरा डिलाईल रोडपासून फार लांब नाही. सक्तीचे ओझे आणि कामाठीपुरा यांना जोडणारा धागा मात्र मुंबईत फारसा कोणी उलगडून पाहिला नाही.

१९६३ साली राजा महेंद्र यांच्या काळात नवा मुलुकी ऐन आला आणि जातीनुसार शिक्षेची कलमे गळाली. पण गळणे वेगळे आणि गुन्हा ठरणे वेगळे. जातीय भेदभाव व अस्पृश्यता यांविरुद्ध स्वतंत्र फौजदारी कायदा नेपाळात झाला तो २०११ मध्ये. भारताने घटनेच्या १७ व्या कलमान्वये अस्पृश्यता नष्ट केल्यानंतर तब्बल सहा दशकांनी.

आठवण म्हणून एक नोंद. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा शेवटचा परदेश दौरा नेपाळचा होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूत भरलेल्या जागतिक बौद्ध परिषदेत त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर भाषण केले आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ६ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. ते बोलत होते त्या काठमांडूत त्या वेळी १८५४ चा जातिनिष्ठ कायदा अद्याप रद्द व्हायचा होता.

पलटणीची निवड

‘गुरखा’ हा शब्द गोरखा या गावाच्या नावावरून आला. तेथील राजा पृथ्वीनारायण शाह याने १७६८-६९ मध्ये काठमांडूचे खोरे जिंकले आणि आजच्या नेपाळचा पाया घातला. त्याची सेना ती गोरखाली सेना. तीत ठकुरी, छेत्री, मगर, गुरुंग सगळेच होते. इंग्रजांशी १८१४ ते १८१६ या काळात झालेल्या युद्धात ही सेना हरली. पण तिच्या शौर्याने प्रभावित होऊन इंग्रजांनी १८१५ पासूनच गुरख्यांची भरती सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लढाऊ वंश’ ही कल्पना रुजली, तेव्हा इंग्रज अधिकाऱ्यांनी जातवार पुस्तिका लिहिल्या. कोणाचे नाक कसे, कोणाचा स्वभाव कसा, कोण आज्ञाधारक, कोण सोवळेपणामुळे अडचणीचा. या चाळणीतून मगर, गुरुंग, राई, लिंबू वर राहिले. छेत्री आणि ठकुरी यांच्यासाठी नववी गुरखा रायफल्स ही पलटण राहिली. दलितांसाठी पलटणीची दारे लढवय्या म्हणून जवळजवळ बंदच होती.

हे सारे महाराष्ट्राला अपरिचित नाही. याच सिद्धांताने मराठ्यांना लढाऊ ठरवले आणि ज्या महारांनी कंपनी सरकारच्या फौजेत पिढ्यान् पिढ्या चाकरी केली, त्यांची भरती १८९० च्या दशकात बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केले. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले. रत्नागिरीतील गावात बसलेल्या निवृत्त महार सुभेदाराची जी व्यथा, तीच नेपाळच्या डोंगरातील सार्कीची. फरक इतकाच की सार्कीला ती सुभेदारी कधी मिळालीच नव्हती.

१९४७ च्या त्रिपक्षीय करारानुसार दहापैकी सहा गुरखा रेजिमेंट भारताकडे राहिल्या, चार ब्रिटनकडे गेल्या. ज्यांना पलटण मिळाली त्यांना पेन्शन मिळाली. पेन्शनीतून पोखरा, धरान या शहरांत घरे झाली, मुले शिकली, काही हाँगकाँग आणि लंडनला पोहोचली. ज्यांना पलटण मिळाली नाही त्यांच्यासाठी उरली ती पलटणीची नक्कल: खाकी डगला, दांडा आणि शिट्टी. मुंबईतल्या शेठजींना आपल्या दारात ‘गुरखा’ हवा होता, कारण गुरख्याच्या निष्ठेची कीर्ती साहेबाने पसरवली होती. तो कोणत्या जातीचा, पलटणीने त्याला घेतले असते की नाही, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. अछामच्या माणसाने ती कीर्ती अंगावर चढवली आणि फाटकावर उभा राहिला. यात फसवणूक कोणाची झाली असे वाटत नाही. नाव उसने होते, पण जागरण खरे होते.

२०२२ मध्ये भारताने ‘अग्निपथ’ योजना आणल्यावर नेपाळमधील भरती थांबली आणि तो प्रश्न दोन्ही सरकारांमध्ये अडकून पडला. त्यावर दोन्ही देशांत बरीच चर्चा झाली. फाटकावरच्या गुरख्याबद्दल मात्र कोणत्याही करारात एक ओळ नाही.

गाळा, खानावळ आणि डेरा

डिलाईल रोडला हा माणूस नवा असेल, पण त्याची कथा नवी नाही. या रस्त्याने ती आधी एकदा पाहिली आहे. गिरण्या भरात होत्या तेव्हा रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूरहून आलेला माणूस गावच्या ओळखीने जॉबरकडे जाई, बदलीत लागे, आणि गावाच्या मंडळाच्या खोलीत ट्रंक ठेवून पाळीप्रमाणे झोपे. एका खोलीत वीस-तीस जण, जेवण खानावळीत. जात तेथेही होती. खोली गावाची असली तरी गावाबरोबर जातही येई. आणि गिरणीत तर ती खात्यात उतरली होती. विणकाम खात्यात पगार बरा, पण तेथे दलितांना प्रवेश नव्हता. धोट्यातले सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, म्हणून विटाळाची सबब. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हाच प्रश्न लावून धरला, तेव्हा कामगारांच्या एकजुटीत जातीचा मुद्दा कशाला, असे म्हणणारे कमी नव्हते. ज्यांचे नाव आज या रस्त्याला आहे ते नारायण मल्हार जोशी त्याच काळातील कामगार चळवळीचे अग्रणी. रस्त्याच्या कडेच्या बीडीडी चाळीही त्याच दशकातल्या. येथे त्या ३२ होत्या.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या संपल्या. जॉबर गेला, बदली गेली, खानावळी एकेक करून मिटल्या. गिरण्यांच्या आवारात कार्यालये, मॉल आणि मद्यालये आली, आणि त्यांच्या फाटकांवर, वाहनतळांवर, भटारखान्यांत काम करायला दुसऱ्या डोंगरातली माणसे आली. त्यांची भरतीची पद्धत मात्र जुनीच. गावचा माणूस गावच्या माणसाला आणतो. दिल्लीत राहणाऱ्या बझांगच्या स्थलांतरितांचा अभ्यास सुझान थीमे यांनी केला. त्यात दिसते की पहारेकऱ्याची जागा ही जणू मालमत्ता असते. गावी परतणारा ती दुसऱ्याला पैसे घेऊन देतो, आणि ती बहुधा नात्यागोत्यात राहते. भिशीसारख्या मंडळांत पैसे साठवले जातात, कर्जाऊ दिले जातात. गिरणगावातल्या कोणाही जुन्या माणसाला हे वाचून नवल वाटणार नाही.

नात्यागोत्यातून नोकरी मिळत असेल, तर जात तीत आपोआप येते. कोणी ‘छेत्री हवा’ अशी पाटी लावत नाही. पण ज्याचा काका आधीपासून फाटकावर आहे त्याला फाटक मिळते. ज्याचा काका गावात दुसऱ्याचा नांगर धरून आहे त्याला हमाली मिळते, गाड्या पुसणे मिळते, बांधकामावरची मजुरी मिळते. हा नियम नव्हे, कल आहे; पण कल पुरेसा असतो.

नांगर धरणे हा शब्दप्रयोग येथे शब्दशः घ्यायचा. सुदूर पश्चिम नेपाळात ‘हलिया’ नावाची पद्धत होती. सावकाराकडून घेतलेल्या कर्जापोटी दलित कुटुंबाने त्याची जमीन नांगरायची. ब्राह्मण-ठकुरींना नांगर धरणे निषिद्ध, म्हणून तो दलिताच्या हाती. कर्ज फिटत नसे, नांगर सुटत नसे, आणि मुलगा बापाच्या जागी उभा राहत असे. ६ सप्टेंबर २००८ रोजी नेपाळ सरकारने हलियांना मुक्त जाहीर केले. मुक्ती मिळाली, जमीन मिळाली नाही. ज्यांच्या हातात कर्ज आणि अंगणाएवढी जमीन उरली, त्यांच्यापुढे मार्ग होता तो बसने धनगढी, मग सीमेपलीकडे गौरीफंटा, आणि तेथून भारत. तराईतील थारूंच्या ‘कमैया’ वेठबिगारीचा शेवट त्याआधी, जुलै २००० मध्ये झाला होता. तेथेही हाच क्रम.

त्यातच १९९६ ते २००६ हे माओवादी युद्धाचे दशक. फेब्रुवारी २००२ मध्ये माओवाद्यांनी अछामचे मुख्यालय मंगलसेन येथे हल्ला केला, शंभराहून अधिक पोलीस व सैनिक मारले गेले. गावात राहिलेल्या तरुणाला एका बाजूने माओवाद्यांची भरती आणि दुसऱ्या बाजूने सैन्याचा संशय. तो मुंबईला आला. येथे त्याच वर्षी ‘अखिल भारत नेपाळी एकता समाज’ या स्थलांतरितांच्या संघटनेवर माओवाद्यांशी संबंधांच्या कारणावरून ‘पोटा’ कायद्याखाली बंदी आली. शांत, निष्ठावान म्हणून ठेवलेला गुरखा काही काळ पोलिसांच्या नजरेत आला, तो असा.

आडनावाचे मौन

मुंबई माणसाला आडनावावरून ओळखते, पण नेपाळी आडनावे तिला वाचता येत नाहीत. थापा आणि राणा ही आडनावे छेत्रींत आहेत आणि मगरांतही. बाळासाहेब ठाकरे यांच्या सावलीसारखे वावरणारे चंपासिंग थापा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले, पण थापा म्हणजे कोण, हा प्रश्न कोणाला पडला नाही. परप्रांतीयांच्या वादात दाक्षिणात्य, उत्तर भारतीय असे सगळे येऊन गेले, नेपाळी मात्र फारसा कधी निशाण्यावर आला नाही. बहुधा तो स्पर्धक वाटलाच नसावा.

याहून बोलके आडनाव ‘नेपाळी’ हेच आहे. नेपाळात कामी हे ‘विश्वकर्मा’ लावतात, त्याचे लघुरूप ‘बि.क.’, दमाई ‘परियार’ लावतात, सार्की ‘मिजार’ किंवा ‘नेपाली’. म्हणजे काठमांडूत घर भाड्याने घ्यायला गेलेल्या माणसाने आपले आडनाव ‘नेपाली’ सांगितले, तर घरमालकाला त्याची जात कळते आणि खोली बऱ्याचदा ‘आधीच दिलेली’ असते. मुंबईत तेच आडनाव सांगितले, तर ऐकणारा म्हणतो, ते दिसतेच आहे, नाव सांग. ज्या शब्दाने गावात दार बंद होते, तो येथे निरर्थक होतो. स्थलांतरितांवरील लिखाणात ही गोष्ट वारंवार येते की दलितांना भारतातील कष्टांपेक्षा येथील अनोळखीपणा अधिक मोलाचा वाटतो. येथे मालक शिवी देईल, पण पाणी वरून ओतणार नाही. महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह ज्यांना ठाऊक आहे, त्या वाचकाला या वाक्याचे वजन सांगायला नको.

मात्र हा अनोळखीपणा मुंबईच्या मालकापुरता. एकाच ‘डेऱ्या’त, म्हणजे भाड्याच्या खोलीत, स्वयंपाक कोण करतो आणि वेगळे कोण जेवते, हे खोलीतल्या माणसांना पक्के ठाऊक असते, कारण ती एकाच खोऱ्यातली असतात. दसाईला, आपल्या दसऱ्याला, सगळे गावी परततात तेव्हा तर मुंबईत पुसलेली रेषा पुन्हा गडद होते. २३ मे २०२० रोजी पश्चिम रुकुम जिल्ह्यात, ठकुरी मुलीवर प्रेम करणारा जाजरकोटचा एक दलित तरुण आणि त्याचे पाच साथीदार जमावाच्या हल्ल्यानंतर भेरी नदीत मृतावस्थेत सापडले. तो टाळेबंदीचा काळ होता. त्याच आठवड्यांत भारतातून परतणारे हजारो नेपाळी मजूर सीमेवर अडकले होते. काहींनी तर महाकाली नदीत उड्या टाकून पलीकडचा काठ गाठला होता.

दुसऱ्या बाजूने, वरच्या जातीचा म्हणून छेत्रीला काही मिळाले असेल असे समजणेही चुकीचे. १९९० ते २०२५ या काळात नेपाळात जे जे पंतप्रधान झाले, ते सारे बाहुन, छेत्री किंवा ठकुरी. पाच वेळा पंतप्रधान झालेले शेरबहादूर देउबा हे स्वतः सुदूर पश्चिमेतील डडेलधुराचे. तरीही त्याच प्रदेशातील छेत्री मुंबईत जिन्याखाली झोपतो. २००७ पासून नेपाळच्या शासकीय सेवेत ४५ टक्के जागा महिला, आदिवासी जनजाती, मधेशी, दलित, अपंग आणि मागास भागांसाठी राखीव झाल्या. २०१५ च्या घटनेने वरच्या जातींसाठीही ‘खस आर्य’ असा गट निर्माण केला आणि निवडणुकीच्या प्रमाणशीर यादीत त्यांना वाटा दिला. याच घटनेविरुद्ध मधेशींनी आंदोलन केले आणि सीमेवर नाकेबंदी झाली. अछामचा गरीब छेत्री काठमांडूच्या जनजाती कार्यकर्त्याच्या दृष्टीने सत्ताधारी जातीचा, काठमांडूच्या बाहुनाच्या दृष्टीने गावंढळ ‘डोट्याल’, आणि मुंबईच्या दृष्टीने बहादूर. कर्णाली आणि सुदूर पश्चिमेत तर ‘मतवाली छेत्री’ही आहेत, जे जानवे घालत नाहीत आणि मद्य पितात. मुलुकी ऐनाच्या शिडीवर त्यांना नेमके कोठे बसवावे, हा पेच जुनाच. आपल्याकडे मराठा-कुणबी नोंदींचा वाद ज्यांनी जवळून पाहिला, त्यांना हे सरकारी वर्गीकरणाचे गुंते नवे वाटणार नाहीत.

भारतात या वर्गीकरणाचा आणखी एक पदर. कामी, दमाई, सार्की हे पश्चिम बंगाल आणि सिक्कीममध्ये अनुसूचित जातींत आहेत. लिंबू व तामांग यांना तेथे २००३ पासून अनुसूचित जमातीचा दर्जा आहे. पण या याद्या राज्यवार असतात आणि भारतीय नागरिकांसाठी असतात. डिलाईल रोडवर दोन पिढ्या काढलेल्या नेपाळी नागरिकाच्या मुलाला त्यांचा उपयोग नाही.

१९५० च्या भारत-नेपाळ मैत्री कराराने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापार करण्याची मुभा दिली. पारपत्र नको, व्हिसा नको. हे या कराराचे औदार्य आणि हीच त्याची पळवाट. आखातात किंवा मलेशियात जाणाऱ्या नेपाळी मजुराला त्याचे सरकार श्रम परवाना देते. त्याबरोबर विमा येतो आणि मृत्यू झाल्यास कल्याण निधीतून कुटुंबाला भरपाई मिळते. भारतात येणाऱ्याला परवाना लागत नाही, म्हणून तो कोणत्याही यादीत नसतो आणि त्याच्या कुटुंबाला त्या निधीतून काही मिळत नाही. आखातात जायला दलालाला द्यायचे पैसे ज्याच्याकडे आहेत तो आखातात जातो. ज्याच्याकडे नाहीत तो मुंबईला येतो, आणि सुदूर पश्चिमेत पैसे नसणारा कोण, याचे उत्तर पुन्हा हलियाच्या नांगरापाशी जाऊन थांबते.

आपल्या बाजूलाही स्थिती फारशी वेगळी नाही. २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सींच्या कायद्यानुसार एजन्सीला भारतीय नागरिक किंवा केंद्राने अधिसूचित केलेल्या देशाचा नागरिकच रक्षक म्हणून ठेवता येतो, आणि त्याचे प्रशिक्षण व पडताळणी आवश्यक असते. गृहनिर्माण संस्थेने थेट ठेवलेला, जिन्याखाली राहणारा माणूस या एजन्सीच्या चौकटीबाहेर राहतो. चोरी झाली की सर्वांत आधी चौकशी त्याची. त्याला काही झाले तर संस्थेने वर्गणी काढायची आणि गाववाल्यांनी ती घेऊन अछामला जायचे, ही आजवरची रीत. नेपाळ सरकारने भारतातील मजुरांची नोंद सुरू करणे आणि महाराष्ट्र सरकारने संस्थांना थेट ठेवलेल्या रक्षकाचे पूर्ण नाव, जिल्हा व वारस यांची नोंद सक्तीची करणे, या दोन्ही गोष्टींना नव्या कराराची गरज नाही. त्या नोंदीत जातीचा रकाना नसावा हे उत्तम. पण नावाच्या रकान्यात ‘बहादूर’ एवढेच लिहून चालणार नाही, कारण अछामच्या तहसिलीत त्या नावाने वारसाचा दाखला मिळत नाही.